दीनदयाळ कार्ड आणि मदत कक्षातली एकच खुर्ची

पाचपैकी साडेतीन तारे. डॉक्टर, परिचारिका आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात ती खोली) यांना पाच, गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेला चार, रुग्णालयातल्या योजनेच्या मदत कक्षाला दीड. बेरीज साडेदहा, भागिले तीन. त्या कक्षात बसणाऱ्या मुलीला माझ्याकडून वेगळे पाच आहेत, ते या हिशेबात धरलेले नाहीत. का धरले नाहीत ते पुढे येईलच.

रुग्णालय खासगी आहे, योजनेच्या यादीतले आहे आणि आमच्या घरापासून बसने तासाभरावर आहे. नाव देत नाही. नाव दिल्याने तिथे दुसरी खुर्ची येईल याची खात्री नाही, पण पहिल्या खुर्चीवरच्या मुलीला कोणीतरी केबिनमध्ये बोलावून घेईल याची पक्की खात्री आहे.

आधी माझ्याविषयी थोडे, नाहीतर हा माणूस रुग्णालयात जाऊन माणसे का मोजत बसला असे वाटेल. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. एका खाण कंपनीच्या टाईम ऑफिसात एकतीस वर्षे काढली. हजेरीचे मस्टर, पाळ्या, रजा, ओव्हरटाइम, बदली कामगार हे माझे खाते. पहाटे सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा अशा तीन पाळ्या. एक्स्कॅव्हेटर उभा आहे आणि ऑपरेटर आला नाही, असे व्हायला नको म्हणून माझा पगार होता. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा सगळे थांबले. माझे मस्टर तिथे मिटले. मस्टरबरोबर कंपनीचे मेडिकलही गेले. तोपर्यंत दीनदयाळ कार्ड घरात कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडून होते. ते काढले तेव्हाही पिशवीला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

योजनेबद्दल आधी चांगले सांगतो, कारण चांगले खरेच आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात २०१६ साली आली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. सुरुवातीच्या यादीत ४४७ प्रक्रिया होत्या. गोव्यात पाच वर्षे राहिल्याचा पुरावा हवा, उत्पन्नाची अट नाही. ही शेवटची गोष्ट बाहेरच्या लोकांना पटकन कळत नाही. माझी मेहुणी सावंतवाडीला दिली आहे, ती विचारते, 'भावोजी, तुमचं रेशनकार्ड कुठल्या रंगाचं?' आमच्याकडे या योजनेला रंग लागत नाही. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, ती कुटुंबाला पाच लाख देते, पण ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीवरून चालली. यादीत नाव नसेल तर आकडा कितीही मोठा असो, आपला उपयोग नाही. आमच्याकडे बंगलेवालाही कार्ड काढू शकतो आणि बंगल्यात भांडी घासणारीही. मामलेदार कचेरीतली उत्पन्नाच्या दाखल्याची रांग वाचली, हे फार मोठे काम झाले.

फक्त रांग नाहीशी होत नसते, ती जागा बदलते. टाईम ऑफिसातल्या माणसाला हे लवकर कळते. मामलेदाराच्या दारातली माणसे आता रुग्णालयातल्या त्या टेबलापुढे येऊन बसली आहेत.

आता प्रकरण. बायकोला जिना चढताना छातीत भरून यायचे. दोन-तीन महिने तिने ते गॅसवर ढकलले. शेवटी अँजिओग्राफी झाली आणि एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. डॉक्टर म्हणाले, स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, घालावा लागेल, आज रात्रीच पाहिजे असे नाही, पण महिनाभर थांबूही नका. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, जायचा विचार केला होता. आमच्या घरची सगळी बाळंतपणे आणि माझ्या वडिलांचे शेवटचे दुखणे बांबोळीलाच झाले. पण अँजिओग्राफी या रुग्णालयात झालेली, डॉक्टर इथला, फिल्म इथली. मुलगी म्हणाली, इथेच करू. मुलगा जहाजावर. त्याचे मत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन दिवसांनी आले, तेही 'ओके' एवढेच.

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मदत कक्षासमोर बसलो. कक्ष म्हणजे बिलिंग काउंटरच्या बाजूला प्लायवूडचे पार्टिशन, एक टेबल, एक संगणक, एक स्कॅनर, बोटाचा ठसा घेण्याचे एक यंत्र आणि एक मुलगी. वय पंचविसेक. सत्तरीतून, म्हणजे सत्तरी तालुक्यातून, रोज कदंबाच्या सरकारी बसने येते. बुधवारी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती, त्यामुळे रुग्णालयात सगळ्यांचे लक्ष अर्धे बाजारात होते. माझा नंबर अकरावा. खिशात छोटी वही असतेच. हात गप्प बसेना, लिहायला लागलो.

नऊ दहा ते एक, म्हणजे २३० मिनिटे. या वेळात चौदा माणसे तिच्यापुढे बसली. पाच नवीन दाखल्यांच्या फायली, प्रत्येकी सरासरी पंचवीस मिनिटे. तीन डिस्चार्ज, प्रत्येकी पंधरा. दोन क्वेरी, म्हणजे योजनेने काढलेल्या शंका, वीस-वीस मिनिटे. आणि चार जण नुसती चौकशी करायला आलेले, पाच-पाच मिनिटे. त्यातल्या एकाला एक्स-रे कुठे आहे एवढेच हवे होते. करा बेरीज. १२५, ४५, ४० आणि २०. बरोबर २३०. चहा शून्य, लघवी शून्य, आणि मध्ये वायफाय गेले तेव्हा ती स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम करत होती, तो खर्च तिचा.

पंचवीस मिनिटे कशात जातात? एका बाईचेच सांगतो. सत्तरीपुढची, पन्नासेक वर्षे काजूच्या कारखान्यात बिया सोललेली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचे पाच लाखांचे कार्ड मिळते, त्या कार्डाचे काम होते. यंत्रावर अंगठा ठेवला, घेतला नाही. दुसरा ठेवला, घेतला नाही. काजूच्या टरफलाच्या तेलाने बोटांच्या रेषा केव्हाच गेलेल्या. मग ओटीपी. तो ज्या नंबरवर जाणार तो नंबर मुलाचा, आणि मुलगा कुवेतला. त्याला फोन लावला, तो कामावर. त्याने पाठवला तोवर ओटीपीची वेळ संपलेली. पुन्हा. ती मुलगी एकदाही वैतागली नाही. 'मावशी, बोट पदराने पूस आनी परत दवर,' असे चार वेळा म्हणाली. बोट पुसल्याने रेषा येत नाहीत हे तिला माहीत होते, पण मावशीला काहीतरी करायला देणे भाग होते.

हे मी मुद्दाम सांगतोय. योजनेत वाढ करायची म्हटली की दोन प्रकारांनी करता येते. पैशांची मर्यादा वाढवायची, किंवा माणसे आणि आजार वाढवायचे. २००८ साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली तेव्हा कुटुंबाला तीस हजार मिळायचे. तीस हजारांची फाइल असो की चार लाखांची, स्कॅन करायची पाने साधारण तेवढीच. मर्यादा वाढवली तर खजिन्यावर भार येतो, टेबलावर येत नाही. पण लाभार्थी वाढवले, विशेषतः म्हातारी माणसे आणली, तर फायली वाढतात, आणि त्या सगळ्या सावकाश चालणाऱ्या फायली असतात. अंगठा न उमटणाऱ्या, ओटीपी परदेशात असलेल्या, सोबत शेजारणीला घेऊन आलेल्या. सत्तरीपुढच्यांना कार्ड देणे शंभर टक्के योग्यच. त्या दिवशी टेबलापुढे अजून एक माणूसही बसवायला हवे होते, एवढेच.

माझा नंबर आला तेव्हा तिने पाच मिनिटांत ओळखले की मी लिहून घेतोय. 'काका, तुम्ही खात्याचे?' म्हणाली. म्हटले नाही गो, मी खाणीवरचा. हसली. मग फाइल केली. कार्ड, आधार, अँजिओग्राफीचा अहवाल, फिल्ममधली चित्रे, ईसीजी, रक्त, डॉक्टरांचा सल्ला. सगळे स्कॅन करून चढवले. पान जड झाले की पोर्टल घेत नाही, म्हणून चित्रे बारीक करावी लागतात. बारीक केली की तपासणारा डॉक्टर म्हणतो दिसत नाही.

कॅशलेस म्हणजे काय ते मला तोपर्यंत नीट माहीत नव्हते. आपल्याला वाटते, कार्ड दाखवले की झाले. प्रत्यक्षात फाइल निदान पाच हातांतून जाते. मदत कक्षातला माणूस ती चढवतो. रुग्णालयातला एक डॉक्टर कोणते पॅकेज लागू ते ठरवून सही करतो. योजनेच्या बाजूला बसलेला दुसरा डॉक्टर कागद बघून पूर्वपरवानगी देतो किंवा शंका काढतो. शस्त्रक्रिया झाल्यावर डिस्चार्जचे कागद परत मदत कक्षातून चढतात, स्टेंटच्या खोक्यावरचा बारकोडचा स्टिकरसुद्धा फाइलला चिकटवावा लागतो, म्हणजे एकच स्टेंट दोघांच्या नावावर जात नाही. मग दावा तपासणारा, मग पैसे सोडणारा. केंद्राच्या योजनेत परवानगीसाठी सहा तासांचे आणि राज्यातल्या रुग्णालयाचा दावा चुकता करायला पंधरा दिवसांचे बंधन ठरवलेले आहे. बंधन पुढच्या हातांवर आहे. पहिल्या हाताने फाइल किती तासांत पुढे ढकलावी यावर बंधन नाही, कारण तो हात कधीच कमी पडणार नाही असे धरलेले आहे.

खाणी जोरात होत्या तेव्हा हे मी रोज बघायचो. खाणीवर दहा मशीन असोत, ट्रक कितीही असोत, जेटीवर बार्ज भरणारा लोडर एक असला तर ट्रकांची रांग थेट उसगावच्या रस्त्यापर्यंत. लोक ट्रकवाल्यांना शिव्या द्यायचे. लोडरकडे कोणी बघायचे नाही.

मंगळवारी संध्याकाळी सव्वापाचला फोन आला. 'काका, क्वेरी आयल्या.' शंका अशी होती की कार्डावरचे नाव आणि रुग्णालयाच्या जुन्या कागदांवरचे नाव जुळत नाही. यात कोणाचा दोष म्हणावा? आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलत. बायकोचे जन्माच्या दाखल्यावरचे नाव एक, लग्नातले दुसरे. आधार आणि कार्ड माहेरच्या नावाने, कारण शाळेचा दाखला तो. रुग्णालयात बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा नेली तेव्हा मी लग्नातले नाव सांगितलेले, कारण मी तिला त्याच नावाने हाक मारतो. तपासणाऱ्या डॉक्टरने शंका काढली ती बरोबरच. दुसऱ्याच्या कार्डावर तिसऱ्याची शस्त्रक्रिया होऊ नये म्हणून तर तो बसलाय. उपाय साधा होता. दोन्ही नावे एकाच बाईची, असे रुग्णालयाच्या लेटरहेडवर डॉक्टरांचे पत्र, तिचा फोटो, शिक्का, स्कॅन, झाले. वीस मिनिटांचे काम.

पण सव्वापाचला ती मुलगी वाळपईची बस पकडायला निघाली होती. उद्या चवथ. घरी पाच दिवसांचा गणपती. रजा मंजूर.

बुधवारी अर्थात कोणी गेले नाही. गुरुवारी मी गेलो. टेबलावर ए-फोर कागद चिकटवलेला, 'कर्मचारी रजेवर आहे, सोमवारी भेटावे.' बिलिंगवर विचारले. तो मुलगा भला होता, त्याने हात वर केले. लॉगिन तिच्या नावावर, पासवर्ड तिचा, ओटीपी तिच्या फोनवर. पत्र तयार होते, डॉक्टरांनी दोन मिनिटांत सही करून दिले होते. ते चढवणारे कोणी नव्हते. 'रोख भरता तर उद्याच घेऊ,' तो म्हणाला आणि अंदाज सांगितला, दीड लाखाच्या वर. औषध लावलेल्या स्टेंटच्या किमतीवर केंद्राने २०१७ च्या फेब्रुवारीत २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, हे मला पेपरात वाचलेले आठवत होते. म्हटले, बाकीचे? त्याने कागदावर बाकीचे लिहून दाखवले. खोली, कॅथलॅब, डॉक्टर, आयसीयू, औषधे. मी कागद खिशात घातला आणि घरी आलो.

कोणीतरी म्हणेल, तिने पासवर्ड देऊन जायचे होते. मुळीच नाही. पासवर्ड तिने कोणाला दिला नाही म्हणून तिला माझे पाच तारे आहेत. दुसऱ्याच्या नावाने मस्टरवर सही करणाऱ्यांना मी एकतीस वर्षांत तीनदा पकडले आहे आणि तिन्ही वेळा सुरुवात 'जरा मदत म्हणून' अशीच झाली होती.

आणि रजेबद्दल? मी कोण बोलणार? चवथीच्या आधी महिनाभर माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांचा गठ्ठा असायचा. गोव्यात चवथीला माणसाला कामावर ठेवून दाखवा. ख्रिश्चन ऑपरेटर चवथीला आमच्या पाळ्या करायचे आणि नाताळला आम्ही त्यांच्या. ही व्यवस्था कोणत्या पुस्तकात नव्हती, टाईम ऑफिसच्या भिंतीवरच्या तक्त्यात होती. चवथ कधी येणार हे वर्षभर आधी माहीत असते. पंचांगात असते, सरकारी सुट्ट्यांच्या यादीत असते, कालनिर्णयवर लाल असते. अचानक येणारे संकट नाही ते.

ते पाच दिवस घरात कसे गेले ते थोडक्यात सांगतो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, मी बांधली, नीट बांधली नाही असे दोघांनी सांगितले. बायकोला स्टुलावर बसवून ठेवले होते. दुपारी मी आरतीच्या टाळांची पिशवी शोधायला वर गेलो आणि खाली आलो तर ती चुलीपुढे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत बसलेली. 'म्हाका कांय जावंक ना.' मुलगी रडली, मी ओरडलो, नेवऱ्या खाल्ल्या. रात्री ती झोपली की मी श्वास मोजायचो. मोजण्याची सवय अशी वाईट.

एक गोष्ट त्या रात्रींत वहीत लिहिली, ती इथे उतरवतो. एक खुर्ची वर्षभर, रोज एका पाळीत चालवायची तर माणसे किती लागतात? वर्षाचे ३६५ दिवस. एका माणसाच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, सणांच्या १२ धरा, रजा आणि आजारपण मिळून २१. उरले २८०. ३६५ भागिले २८० म्हणजे १.३. एका खुर्चीला एक माणूस हा हिशेबच चुकीचा आहे, एका खुर्चीला १.३ माणसे लागतात. तीन पाळ्यांत चोवीस तास चालवायची तर १०९५ पाळ्या भागिले २८०, जवळजवळ चार. हृदयाच्या दुखण्याला वेळ नसतो, तेव्हा निदान मोठ्या रुग्णालयांत हे चार लागणारच. लहान ठिकाणी परवडणार नाही म्हणाल, तर जवळजवळच्या तीन रुग्णालयांत मिळून एक रिलीव्हर ठेवा. तीन गुणिले १.३, म्हणजे ३.९. तीन कायमचे आणि एक फिरता, त्याचे स्वतःचे लॉगिन, तिन्हीकडे चालणारे. खाणीवर आम्ही त्याला 'बदली' म्हणायचो आणि सगळ्यात हुशार माणूस त्या जागी ठेवायचो, कारण त्याला सगळी मशीन यावी लागत. कार्यालयात नेमके उलटे करतात, ज्याला काहीच येत नाही त्याला बदलीवर पाठवतात.

२०१६ साली योजना आली तेव्हाच्या बातम्यांत मला अडीच लाख, चार लाख आणि ४४७ हे आकडे पाठ झाले होते. टेबलामागे किती माणसे बसणार हा आकडा वाचल्याचे आठवत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या चौदा लाख अठ्ठावन्न हजार. मुंबईच्या एखाद-दोन उपनगरांत मावेल एवढे हे राज्य. इतक्या लोकांसाठी एक तक्ता करायला संगणकही लागत नाही. मला एक मोठा कागद आणि चार रंगांची पेन्सिल द्या.

सोमवारी साडेआठला पोचलो तर टेबलापुढे एकतीस माणसे. हेही ठरलेलेच. चवथ होऊन जाऊ दे म्हणून सगळे थांबलेले असतात. हर्निया, मोतीबिंदू, गुडघे, सगळे विसर्जनानंतर एकदम दारात. दोन मशीनचे काम एका ऑपरेटरवर टाकायचा दिवस. ती आली, हातात मोदकांचा डबा, डोळ्यांखाली जागरण. मला बघून तिने आधी माझे पत्र चढवले. मागच्या माणसाने आरडाओरडा केला, तिने सांगितले, 'हे मंगळवारचे आहेत.' नऊ पाचला चढले. दुपारी पावणेदोनला परवानगी आली. तपासणाऱ्या डॉक्टरचे काम चोख, पाच तासांच्या आत. म्हणजे मंगळवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत गेलेला वेळ सगळा एका रिकाम्या खुर्चीच्या खात्यावर.

मंगळवारी अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट. आत पाऊण तास, बाहेर मी आणि मुलगी. या भागाबद्दल तक्रार काढू म्हटले तरी सापडत नाही. आयसीयूत एक परिचारिका दोन खाटांना. पाळी बदलताना जुनी आणि नवी दोघी खाटेपाशी उभ्या राहून अर्धा तास बोलतात. कुठले औषध किती वाजता दिले, हाताची सुई कधी लावली, पेशंट रात्री काय बोलला. वहीत सही. मी काचेतून बघत होतो. अगदी आमच्यासारखे. खाणीत जुना ऑपरेटर नव्याला ब्रेक कुठे लागतो ते सांगितल्याशिवाय खाली उतरायचा नाही. त्याच इमारतीत तळमजल्यावर, पार्टिशनमागे, हे असले काहीच नाही. वरच्या मजल्यावरच्यांना पाळी म्हणजे काय ते कळते, कारण तिथे माणूस मरतो. खाली माणूस फक्त थांबतो.

डिस्चार्जला पैसे शून्य. शून्य म्हणजे खरेच शून्य, फक्त माझा चहा आणि बसभाडे. योजनेचे चार तारे याचे आहेत. पाचवा का नाही? घरी जाताना एक अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. स्वच्छता कशी, जेवण कसे, डॉक्टर कसे बोलले, पैसे मागितले का. मदत कक्षाबद्दल एकच प्रश्न होता, 'कर्मचाऱ्याची वागणूक कशी होती?' उत्तम, लिहिले. कर्मचारी किती होते हा प्रश्न नव्हता. समासात लिहायला गेलो तर ती मुलगी म्हणाली, 'काका, समासातलं स्कॅन होत नाही.'

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. कार्ड आणि आधार यांवरचे नाव आणि रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरवरचे नाव एकच आहे का ते आजच बघा, विशेषतः लग्नात नाव बदललेल्या बायकांचे. आधारला जोडलेला मोबाइल घरात राहणाऱ्या माणसाचा असू द्या, जहाजावरच्या किंवा आखातातल्या मुलाचा नको. कार्डाचे नूतनीकरण झाले आहे का ते दुखणे येण्याआधी तपासा. कागद चढवल्यावर संदर्भ क्रमांक मागून घ्या. आणि ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर चवथ, दिवाळी, नाताळ यांच्या आधी निदान दहा दिवस फाइल टाका. जत्रेच्या दिवसांत त्या गावचे कर्मचारी असतील तर तेही विचारून घ्या, मी गमतीने म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी पुनर्तपासणीला गेलो. बायको जिना चढली, मध्ये थांबली नाही, मीच थांबलो. खाली येताना मदत कक्षाकडे नजर गेली आणि पाय तिकडे वळले. पार्टिशनच्या आत दुसरी खुर्ची होती. निळी, प्लास्टिकची, टेबलाच्या याच बाजूला. मुलीला म्हटले, अरे वा, माणूस वाढला?

'ना काका,' ती स्कॅनरवरून मान न काढता म्हणाली, 'पेशंटाच्या नातेवाइकांक बसूंक हाडल्या.'